शनिवार-रविवारी थांबणारा खोकला

पत्र

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी ४१ वर्षांची आहे. एका तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत नोकरीला आहे. सहा वर्षांपासून रेकॉर्ड रूम माझ्याकडे आहे. पुढची इमारत निजामाच्या काळातली, दगडी. मागे नंतर जोडलेली स्लॅबची खोली, सगळं जुनं दप्तर तिथेच. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम आलं, तेव्हा आम्ही दिवस दिवस बासनं (दप्तराची कापडात बांधलेली गाठोडी) सोडून बसायचो. खोकला तेव्हा लागला तो गेलाच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, खोलीत घोटाभर पाणी होतं. त्यानंतर जिना चढताना धाप लागायला लागली. रात्री छातीत शिट्टी वाजते. बेडका तपासला, टीबी नाही. एक्स-रे चांगला आला. गावातले डॉक्टर धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या देतात, फारच झालं तर इंजेक्शन. त्याने आठ दिवस बरं वाटतं. शनिवार-रविवारी जरा कमी असतं, दिवाळीत माहेरी गेले की खोकला नसतोच.

भिंत खालून कमरेपर्यंत ओली आहे, कोपऱ्यात काळे डाग. मोठ्या साहेबांचा दौरा होता तेव्हा रंग मारला, दोन महिन्यांत डाग पुन्हा वर. वरिष्ठांना सांगितलं तर हसले, “इथं प्यायला पाणी न्हाई, भिंतीला कुठून येतंय?” आमचे शिपाईमामा वास जावा म्हणून रोज उदबत्ती लावायचे. तेही खोकायचे. ते रिटायर झाले, आता घरातल्या घरात चालताना दम लागतो म्हणतात. पण ते बिडी ओढायचे.

मला हे भिंतीमुळे होतंय का? बदली झाली तर जाईल, की फुप्फुस कायमचं खराब झालं? आणि श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) सुरू केला तर सवय लागते म्हणतात, ते खरं का?

— एक भगिनी (नाव-गाव गाळलं आहे)

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: दिवाळीत माहेरी गेले की खोकला नसतोच. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे पत्रावरून निदान करणार नाही. पण चाळिशीच्या आसपास सुरू झालेला खोकला, रात्रीची शिट्टी आणि सुट्टीत आराम, एवढं ऐकल्यावर छातीचा कुठलाही डॉक्टर आधी दम्याचं विचारेल आणि लगेच तुमच्या खोलीचं. “धुळीची अ‍ॅलर्जी” म्हणून हे प्रकरण मिटवता येणार नाही. धूळ तुमच्या माहेरीही असेलच की.

ओलसर इमारतीत काम केल्याने छातीचे आजार होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या-कचेरीतल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. फिनलंडमध्ये टाम्पेरे शहराच्या परिसरात झालेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. कामाच्या जागी बुरशी दिसते किंवा तिचा वास येतो असं सांगणाऱ्यांमध्ये मोठ्या वयात नव्याने दमा होण्याचं प्रमाण सुमारे दीडपट निघालं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका गळक्या, उंच सरकारी कचेरीचं उदाहरण तर तुमच्या वरिष्ठांना वाचून दाखवण्यासारखं आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये त्या इमारतीत कामाला आल्यानंतर दमा सुरू होण्याचं प्रमाण, त्याआधीच्या त्यांच्याच आयुष्यातल्या प्रमाणाच्या सात-साडेसात पट होतं. काचेची तावदानं, गालिचे, एसी असलेली ती इमारत. ओलीला गरिबी-श्रीमंती कळत नाही.

आता “इथं प्यायला पाणी न्हाई” याबद्दल. हा विनोद मी लातुरातही ऐकलाय आणि बीडलाही. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानाने काहीच नाही, हे खरं. पण भिंत सरासरीवर ओली होत नाही. आपल्याकडची काळी माती एकदा प्यायलेलं पाणी सोडत नाही. तिच्यावर उभ्या जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसला की पाणी दगडातून वर चढतं. तुम्ही लिहिलंय तसं कमरेपर्यंत चढून थांबतं. वरून गळणाऱ्या पाण्याची तऱ्हा वेगळी. स्लॅबला उतार नाही, पन्हाळीच्या तोंडाशी पाला अडकलाय, कठड्यात पिंपळ उगवलाय, टाकी रोज भरून वाहतेय, अशा ठिकाणी ओल छताच्या कोपऱ्यातून खाली येते. तुमच्याकडे दोन्ही असावं. आणि जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला असेल तर विचारायलाच नको. चुन्यातून जी ओल बाहेर पडून वाळायची, ती आत कोंडते. दौऱ्याच्या आदल्या दिवशी मारलेला रंग दोन महिन्यांत पोपडे धरतो तो त्यामुळेच.

पोपड्याखाली पांढरं पीठ दिसलं तर तो लोणा, म्हणजे क्षार. तो छातीला त्रास देत नाही, फक्त ओल कुठवर चढली ते सांगतो. काळे, हिरवट, ठिपक्याठिपक्यांचे डाग आणि कुबट वास ही मात्र बुरशी. जुन्या दप्तराची बांधणी खळीने चिकटवलेली, वर सुती बासन, आत कागद. तिला हे सगळं आयतंच जेवण. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते, आणि घोटाभर पाण्यातली खालच्या रॅकवरची बासनं दोन दिवसांत कोणी वाळवली असतील असं मला वाटत नाही.

बासनाची गाठ सोडून कापड झटकलं की नाकात काय जातं? बुरशीचे बीजाणू, तिच्या धाग्यांचा चुरा, ओलीत वाढणारे जीवाणू, कागदातल्या बारीक किड्यांची विष्ठा. निरोगी माणसाला यातून सहसा संसर्ग होत नाही. होते ती श्वासनलिकांची सूज. रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षं. बुरशी मेलेली असली तरी तिचा चुरा तेवढाच त्रास देतो, म्हणून नुसतं फिनेल किंवा ब्लीच शिंपडून काम भागत नाही.

दम्याच्या जोडीला दुसरा एक आजार मनात ठेवायला हवा. तो कमी दिसतो, पण चुकला तर महागात पडतो. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. यात सूज श्वासनलिकांच्याही पुढे, फुप्फुसाच्या अगदी आतल्या जाळीत होते. कामावरून आल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून कणकण, अंग मोडून येणं, कोरडा खोकला, आणि सकाळी जरा बरं. लोक याला मलेरिया समजतात, टायफॉईडच्या गोळ्या खातात. काहींना ताप येतच नाही, नुसता दम वाढत जातो आणि वजन उतरतं. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो, म्हणून तुमच्या चांगल्या एक्स-रेवर मी निर्धास्त नाही. हा आजार आपल्या भागाला नवा नाही. साखर कारखान्याच्या आवारात भिजून तापलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावर काम करणाऱ्यांना होतो, भिजलेल्या कडब्याची गंजी फोडणाऱ्या शेतकऱ्याला होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी नोंदणीत १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांचे १,०८४ रुग्ण तपासले. त्यातल्या ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि या ४७ टक्क्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता. आपला नेहमीचा, वाळ्याचा किंवा लाकडी किसाच्या गादीचा कूलर.

म्हणून आता मी तुम्हाला उलटे प्रश्न विचारतो. घरी कूलर आहे का, आणि त्याची गादी शेवटची कधी बदलली? कचेरीच्या खिडकीत पारवे बसतात का? पारव्यांच्या विष्ठेनेही हाच आजार होतो, आणि जुन्या दगडी इमारतीत पारवे नसले तरच नवल. रविवारी शेतावर जाता का, जनावरांचा कडबा काढता का? स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? उत्तरं कागदावर लिहा. भिंत दोषी आहे असं मलाही वाटतं, पण ती एकटीच आहे की जोडीला आणखी कोणी, हे कळल्याशिवाय उपाय अर्धवट राहतो.

याची शहानिशा तुम्ही स्वतः करू शकता. पीक फ्लो मीटर नावाची एक साधी नळी मेडिकलमध्ये मागवून मिळते, फार महाग नाही. उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात जोरात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा वहीत टाकायचा. असं दिवसातून चार वेळा: उठल्यावर, दुपारी कचेरीत, घरी आल्यावर, झोपताना. चार आठवडे करा, आणि त्यात सलग मोठी सुट्टी येईल असं बघा. २०२० पासून तुम्हाला पाच दिवसांचा आठवडा आहे, त्याचा इथे चांगला उपयोग होतो. सोमवारपासून आकडे उतरत शुक्रवारी तळाला आणि रविवारी वर येत असतील तर तो कागद कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा बोलका. मात्र दुखणं जुनं झालं की दोन दिवसांची सुट्टी अपुरी पडते, आकडे वर यायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून दिवाळीचं महत्त्व. पाऊस कधी पडला, कुठली बासनं सोडली, ताप आला का, हेही त्याच वहीत लिहा.

वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. छत्रपती संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ पडेल त्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनविकाराची ओपीडी आहे. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्या, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर अशी दोन्ही वेळची. त्यांना गरज वाटली तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. खोकताना तपकिरी, घट्ट, बुचासारखे बेडके पडत असतील तर ते आवर्जून सांगा. दम्याच्या काही रुग्णांत अस्परजिलस ही बुरशी श्वासनलिकेतच ठाण मांडते, त्यासाठी रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन) तपासावी लागते आणि उपचारही वेगळे असतात. “मी अमुक खोलीत अमुक काम करते” हे वाक्य डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायचं. गर्दीच्या ओपीडीत ते विचारायचं राहून जातं.

पंपाची सवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जागेवर जातं. फक्त वापरल्यावर चूळ भरायची, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचा नाही. नुसता आराम देणारा निळा पंप मारत राहणं हाही उपचार नव्हे, सूज उतरवणारं औषध त्यात हवंच. मला खरी धास्ती वाटते ती तुमच्या “आठ दिवस बरं वाटणाऱ्या” इंजेक्शनाची. ते बहुधा डेक्सा असणार, म्हणजे स्टेरॉइड, पंपातल्यापेक्षा कितीतरी पट मोठ्या मात्रेत आणि सगळ्या अंगभर. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, शिवाय मूळ दुखणं झाकलं जातं. ज्या गावात डेक्साच्या सुईला कोणी हरकत घेत नाही तिथेच पंपाला व्यसन म्हणतात, याचं कोडं मला आजवर उलगडलेलं नाही. इंजेक्शनं वरचेवर झाली असतील तर किती आणि कधी, ते नव्या डॉक्टरांना सांगा.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: कायमचं खराब झालं का? खरं उत्तर असं की ते बरंचसं वेळेवर आहे. लक्षणं सुरू झाल्यावर ज्यांची जागा लवकर बदलते त्यांच्यात पुष्कळांचा त्रास ओसरतो. लक्षणं असूनही जे त्याच ओलीत काम करत राहतात त्यांना पुढे पक्का दमा जडण्याचा धोका बराच वाढतो. एकदा दमा मुरला की जागा दुरुस्त करूनही तो पूर्ण जाईलच असं नाही. कनेटिकटच्या त्या इमारतीची पुढे मोठी दुरुस्ती झाली, पण आधीच आजारी पडलेल्यांच्या छातीत म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. दमा असला तरी औषधावर माणूस नोकरी-संसार सगळं नीट करतो. त्याची एवढी भीती नको. दुसऱ्या आजाराचं मात्र तसं नाही. फुप्फुसाच्या जाळीत एकदा व्रण धरले की ते परत जात नाहीत. तुमचा खोकला २०२३ चा, धाप २०२५ ची. पायरी चढलेली आहे. म्हणून बदलीच्या हंगामाची वाट बघू नका. आधी टेबल हलवा, बदली मागाहून.

टेबल हलवणं म्हणजे त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. पुढच्या दगडी इमारतीत हवेशीर जागा मागा. बासन लागेल तेवढं दुसऱ्या कोणीतरी आणून द्यायचं. ते शक्य नसेल तर आत जाताना एन-९५ मास्क लावायचा, रुमाल किंवा ओढणी नाही, आणि काम पाच-दहा मिनिटांत उरकायचं. बासन व्हरांड्यात, सावलीत, वाऱ्याला पाठ करून सोडायचं. झटकायचं, आपटायचं नाही. फरशी झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. डांबराच्या गोळ्या, रूम फ्रेशनर बंद. मामांची उदबत्ती भक्तिभावाने असेल, पण तिने वास झाकला आणि वर धुराची भर घातली. उन्हाळ्यात त्या खोलीत खिडकी लावून कूलर सोडत असाल तर तोही बंद, कोंदट खोलीत तो ओलच वाढवतो.

खोलीचं काम बांधकाम विभागाचं. पण त्यांना “रंग लावून द्या” असं कधीही लिहू नका, तेवढंच करून ते मोकळे होतील. लिहायचं ते असं: स्लॅबची गळती काढून कोबा (उतार देऊन पाणी अडवणारा थर) करावा, पन्हाळी मोकळ्या कराव्यात, जोत्याभोवती पाणी साचू नये म्हणून नाली काढावी, खालचा ओला गिलावा खरवडून भिंत पूर्ण वाळल्यावरच नवा करावा, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत आणि त्यांच्यामागे बुजलेली खिडकी उघडावी. खरवडण्याच्या दिवशी तुम्ही तिथे थांबायचं नाही, त्या दिवशी हवेत सगळ्यात जास्त बुरशी असते. “आधी प्रयोगशाळेतून बुरशीचा अहवाल आणा” असं कोणी म्हणालं तर त्या फेऱ्यात अडकू नका. हवेत किती बुरशी म्हणजे धोका, असा मान्य आकडाच नाही. डाग दिसतो, वास येतो, भिंत हाताला ओली लागते, एवढा पुरावा तज्ज्ञही पुरेसा मानतात.

अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या, हे तुम्हाला मी शिकवायला नको. जोडीला तारखेसह फोटो, वहीची झेरॉक्स आणि डॉक्टरांचं “ओलसर व बुरशीयुक्त जागेत काम टाळावे” असं स्पष्ट वाक्य असलेलं प्रमाणपत्र. नुसतं “हलकं काम द्यावं” लिहून आणलंत तर हलकं काम म्हणून रेकॉर्ड रूमच मिळेल. वरिष्ठ तब्येतीच्या मुद्द्यावर हलले नाहीत तर दप्तराच्या मुद्द्यावर बोला. ज्या नोंदींसाठी २०२३ मध्ये समिती नेमून गावोगाव शोध घेतला, त्या नोंदी बुरशी खातेय, हे वाक्य कचेरीत लवकर ऐकू जातं.

आणि शिपाईमामांचं. बिडीने फुप्फुस खराब होतं हे खरंच, पण बिडी ओढणाऱ्याला ओलीचा आजार होत नाही असं थोडंच आहे? त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं त्या खोलीत काढली असणार. एकदा भेटायला जा आणि त्यांच्या हाताची नखं नीट बघा. बोटांची टोकं फुगून नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली असतील तर तो नुसता बिडीचा खोकला समजून घरी बसवू नका. तुम्ही ओपीडीला जाल त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या, आणि डॉक्टरांना सांगा की आम्ही दोघं एकाच खोलीत काम करायचो.